प्रसाद तळहातावर द्या, बॉक्समध्ये नको: आमच्या चाळीच्या मंडळाला खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि प्रसाद कमिटीतल्या सगळ्या पोरांनो,

गणपती बाप्पा मोरया!

परवाच्या मीटिंगचा मेसेज ग्रुपवर वाचला. मंडप, मूर्ती, लाइटिंग, पोलीस परवानगी सगळं नेहमीचंच, आणि मग खाली प्रसाद. या वर्षी मोठा बॉक्स, त्यात दोन मोतीचूर लाडू, दोन मावा मोदक, एक चॉकलेट मोदक, एक ज्यूसचं पाकीट, स्पॉन्सर फायनल. त्याच्या खाली अंगठ्यांची रांग लागलेली. मी अंगठा दिला नाही म्हणून दोघातिघांनी जिन्यात विचारलं, काय काकू राग आला का. राग नाही आला रे, पण बोलायचं होतं, आणि ग्रुपवर मोठा मेसेज टाकला की त्यावर लगेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय गायब होतो, म्हणून हे पत्र. मीटिंगला येऊन बोलले असते पण बायकांना मीटिंगचं बोलावणं येतं ते थेट ‘मोदक कोण वळणार’ ठरवायच्या दिवशी. तो विषय वेगळा आहे, त्याच्यावर पण एकदा लिहीनच.

आधी एक सांगते म्हणजे गैरसमज नको. मी गोडाच्या विरुद्ध नाही. गिरगावात राहून गोडाच्या विरुद्ध कोण असेल! चतुर्थीला पहाटे साडेचारला उठून उकड काढणारी मीच असते, आणि गरम मोदकाचं नाक फोडून त्यात तूप सोडलं की माझ्या तोंडाला पण पाणी सुटतं. मला बोलायचंय ते बॉक्सबद्दल.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तुम्ही सगळे ओळखता. तुमच्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी अथर्वशीर्ष शिकवलंय आणि चुकलं की कान पण पिरगाळलाय. त्यांना शुगर आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी सातव्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गप्प झाले, जीभ कोरडी, पाणी पाणी करतायत, बाथरूमच्या फेऱ्या, मी घरच्या मशीनवर बोट टोचून बघितलं तर ४१२. मला वाटलं मशीन बिघडलं, दुसरी पट्टी लावली, ४०५. तसंच टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं, दोन रात्री काढल्या तिथे. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तर हे शांतपणे म्हणतात ‘काही नाही, फक्त प्रसाद.’

मग मी घरी येऊन हिशोब मांडला. सकाळच्या आरतीला एक पेढा, संध्याकाळच्या आरतीला ज्या घराची पाळी त्यांच्याकडचं काहीतरी, बर्फी म्हणा, शिरा म्हणा, मग चाळीतल्या नऊ घरचे गणपती, प्रत्येक घरी ‘अण्णा एक तरी घ्या’, मग मंडळाचा बॉक्स. अण्णांनी हावरटपणा केलाय असं अजिबात नाही हं. घरी ते चहा बिनसाखरेचा पितात, गोळ्या वेळेवर घेतात, पण त्यांच्या डोक्यात एकच पक्कं बसलंय, प्रसादाला नाही म्हणत नाहीत. आणि आपण देताना ते ओळखतो ना, म्हणून तर दोन जास्तीचे ठेवतो हातावर.

खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. पुढच्या वर्षी अण्णा आरतीला खाली आलेच नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला धरून उभे राहायचे, वरूनच टाळ्या वाजवायचे, ‘घालीन लोटांगण’ला जागच्या जागी फिरायचे. तुम्हाला वाटलं गुडघे दुखतायत. मला पण तेच सांगितलं होतं. मग एका रात्री जेवताना म्हणाले, ‘खाली गेलो की नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलं की तुला त्रास. त्यापेक्षा इथून दिसतो की बाप्पा.’ इथून दिसतो म्हणजे काय, मंडपाचं छप्पर दिसतं आमच्या गॅलरीतून! ज्या माणसाने चाळीस वर्षं मंडपात पहिली आरती म्हटली तो माणूस आपल्या लाडवांना घाबरून पत्र्याला नमस्कार करतोय, हे काही मला पचत नाहीये, आणि म्हणून हे सगळं लिहितेय.

आता तुम्ही म्हणाल देवाचं आहे, धर्माचं आहे, त्यात हात आखडता घ्यायचा नसतो. तर चला धर्माचंच बघू.

प्रसाद तुमच्या आजीच्या वेळेला कसा मिळायचा आठवा, नाहीतर विचारा. खिरापत. किसलेलं सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बेदाणे किंवा खजूर, सगळं मिळून एका डब्यात, आणि तो डबा घेऊन एक पोरगं आरतीनंतर फिरायचं. उजवा हात वर, डावा खाली, तळहाताच्या खोबणीत चिमूटभर पडायची, ती डोक्याला लावून तोंडात टाकायची, हात केसांना पुसायचा, संपलं. तीर्थ पण पळीभरच. कोणी कधी ग्लासभर तीर्थ मागितलंय का? देवाच्या सगळ्या गोष्टींना आपल्याकडे माप आहे, पळी, चिमूट, बोटभर गंध, एकवीस दूर्वा, अगदी सत्यनारायणाच्या शिऱ्याला पण सव्वाचं माप, आणि तो सव्वा किलोचा शिरा अख्ख्या चाळीला पुरायचा कारण द्रोणात चमचाभरच मिळायचा. म्हणून तर त्याची चव जिभेवर राहायची, अजून एक चमचा मिळावा म्हणून आम्ही पोरं दोनदा रांगेत उभी राहायचो आणि पकडले जायचो. जे चमचाभर असतं त्याचाच प्रसाद होतो बहुतेक, द्रोण भरला की ती स्वीट डिश.

अथर्वशीर्षाचं म्हणाल तर मला माहितीये कोण पुढे येणार आणि काय म्हणणार, ‘यो मोदकसहस्रेण यजति’, हजार मोदक स्वतः तिथे लिहिलेत. लिहिलेत की. पण त्याच्या आधीच्या दोन ओळी पण म्हणा ना मोठ्याने. आधी दूर्वांकुर, मग लाह्या, आणि मग मोदक. दूर्वांनी पूजा करणारा कुबेरासारखा होतो म्हटलंय, लाह्यांनी करणाऱ्याला यश आणि बुद्धी म्हटलीये, गवत आणि लाह्या बरं का, स्पॉन्सर लागत नाही. आणि मोदकांचं सुद्धा ‘यजति’ म्हटलंय, अर्पण करतो, ‘खादति’ नाही म्हटलेलं. हे मी अण्णांना ऐकवलं तर ते इतके हसले की ठसका लागला.

गीतेत पण देव काय मागतो तर पान, फूल, फळ, पाणी. आणि खाण्याबद्दल सहाव्या अध्यायात सरळच सांगितलंय, जो फार खातो त्यालाही योग नाही आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा, उपाशी राहा असं कोणीच सांगत नाहीये. ज्ञानेश्वर माऊलींनी त्यावर म्हटलंय की आहार घ्यावा ‘परी युक्तीचेनि मापें मविजे’. मापायचा. आणि जो जिभेच्या ताब्यात गेला त्याला शब्द वापरलाय ‘रसनेंद्रियाचा अंकिला’. सातशेहून जास्त वर्षं झाली हे लिहून, आणि मी काल रात्री फ्रीजसमोर उभी राहून उरलेला श्रीखंडाचा डबा चमच्याने खरवडत होते तेव्हा मला हाच शब्द आठवला. तेव्हा मी काही शहाणी म्हणून सांगत नाहीये.

बरं, बाप्पाची स्वतःची गोष्ट तर आपण पोरांना सांगतोच. मोदक खाऊन खाऊन पोट टम्म झालं, उंदरावरून पडला, पोट फुटलं, मोदक बाहेर, मग साप धरून कमरेला बांधला आणि वर चंद्र हसला म्हणून त्याला शाप. आपण त्यातला चंद्राचा भाग रंगवून सांगतो, पोटाचा भाग घाईघाईत संपवतो. आणि याच बाप्पाची संकष्टी असते दर महिन्याला, चंद्र उगवेपर्यंत उपास. मोदक पण त्याचेच आणि उपास पण त्याचाच, दोन्ही एकाच देवाचे. (त्या उपासाला आपण साबुदाणा वडे, रताळ्याच्या गोड फोडी आणि वर बटाट्याचा चिवडा खाऊन काय करतो ते सोडा.)

पाडव्याचं पण तसंच. नवीन वर्षाचा पहिला घास कडुनिंबाचा, ओवा गूळ घालून वाटलेला, श्रीखंड त्याच्यानंतर. ज्याने कोणी ही पद्धत पाडली त्याला माणसाची जीभ चांगलीच माहीत असणार. आता आमच्या घरी निंबाचं एक पान दाताखाली धरल्यासारखं करतात आणि श्रीखंडाचा किलोचा डबा.

‘वर्षातून अकराच दिवस असतात काकू’ हे वाक्य मला पाठ आहे. अकरा नसतात रे. गणपती झाले की नवरात्र, मग कोजागिरी, मग दिवाळीचा फराळ पंधरा दिवस पुरतो, दत्तजयंती, संक्रांतीचं हळदीकुंकू, माघी गणपती, होळीची पोळी, पाडवा, मध्ये बारशी, साखरपुडे, दहावीचे पेढे, बारावीचे पेढे, नवीन गाडीचे पेढे, ऑफिसात केक. आमच्या लहानपणी साखर रेशनवर मोजून यायची, दिवाळीला जरा जादा मिळायची त्याचं कौतुक, आई डबा वरच्या फळीवर ठेवायची. तेव्हा सणाला गोड खाणं म्हणजे खरंच सण होता कारण बाकीचे दिवस गोड नव्हतं. आता रोजच गोड आहे, तर सणाला वेगळं काय करायचं, म्हणून आपण नुसतं वजन वाढवतोय. बाजूच्या मंडळाने मोठा मोदक ठेवला की आपण त्याहून मोठा. बाप्पाला काय वजनकाटा दिलाय का हातात?

वजनकाट्यावरून आठवलं, गेल्या वर्षीचा बॉक्स मी घरी किचनच्या काट्यावर ठेवला होता. एक मोतीचूर लाडू ५८ ग्रॅम. त्यात अर्ध्याच्या आसपास साखर धरा, पाक कसा करतात ते मला माहितीये, वाटीला वाटी तर जातेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर चांगलं, म्हणजे साधारण सहा चमचे. म्हणजे एका लाडवातच कोटा संपला, बाकी बॉक्स अजून उघडायचाय, आणि त्यातलं ज्यूस तर पोरं तिथल्या तिथे स्ट्रॉ खुपसून संपवतात, त्याच्या पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किती साखर आहे, वाचा एकदा. आणि हो, गूळ घातला की चालतं असं जे म्हणतात ना, साखरेच्या बाबतीत गूळ काही सोवळा नाहीये, अण्णांच्या मशीनला दोन्ही सारखेच कळतात.

आकडे सांगायला मला आवडत नाही पण एक सांगते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, त्यांच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबरठ्यावर. एवढे मोठे आकडे डोक्यात शिरत नाहीत, माझ्याही नाही शिरत. आपल्या चाळीचं बघा. फ्रीजच्या दारात इन्सुलिनचं पेन उभं केलेली चार घरं तर मलाच माहीत आहेत, त्यातलं एक अकरा वर्षांच्या पोराचं आहे. त्याची आई आरती संपायच्या आधी त्याला घेऊन मागच्या मागे वर जाते, कारण प्रसादाच्या वेळी बाकीची पोरं त्याला विचारतात तू का नाही घेत. म्हणजे गॅलरीत अण्णा एकटे नाहीत.

आणि मंडपात ज्यांचा फोटो आपण हार घालून लावतो ते लोकमान्य, त्यांना स्वतःला मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढली, पथ्य सांभाळत. आपल्या गिरगावातच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय, टिळक गेले ते १९२० मध्ये इथून जवळच सरदारगृहात, चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. उद्या ते खरंच आपल्या मंडपात आले तर आपण त्यांच्या हातात काय देणार, मोठा बॉक्स? आणि त्यांनी नको म्हटलं तर आपण म्हणणार ‘प्रसादाला नाही म्हणू नये बळवंतराव’?

स्पॉन्सरचं मला कळतं. बॉक्सवर त्यांचं नाव छापायचंय, म्हणून बॉक्स मोठा, आणि बॉक्स मोठा म्हणून आत जास्त. करोनानंतर हे पॅकिंग सुरू झालं, तेव्हा ठीकच होतं, कोणाचा हात कोणाला लागू नये म्हणून. पण ती साथ गेली आणि बॉक्स राहिला, वर दर वर्षी फुगत चाललाय. विसर्जनानंतर सकाळी मंडपामागे मी स्वतः बघितलंय, अर्धवट खाल्लेले चॉकलेट मोदक, चेपलेले लाडू, मुंग्यांच्या रांगा, आणि सफाईवाल्या मावशी म्हणतात, ‘ताई, प्रसाद कचऱ्यात कसा टाकू, पाप लागेल.’ त्या बाईने ते सगळं वेगळ्या पिशवीत भरलं. स्पॉन्सरना सांगा की नाव मंडपाच्या पंख्यांवर टाका, पाण्याच्या टाकीवर टाका, रांगेत उभ्या म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या द्या, त्याच्यावर टाका. नाव जास्त दिवस दिसेल.

आमच्या खोताच्या वाडीतल्या एक आंटी आहेत, इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या गोड सोडतात. मी एकदा विचारलं जमतं कसं, तर म्हणाल्या, ‘जमत नाही, म्हणून तर देवाला सांगून सोडायचं.’ मला ते फार आवडलं. पण मी तुम्हाला गोड सोडा म्हणत नाहीये, मोदकाशिवाय गणपती ही कल्पनाच मला सहन होणार नाही.

मला एवढंच हवंय. प्रसाद परत तळहातावर आणा. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक आम्ही बायका वळतोच, एकेक माणसाला एकेक, एका मोदकाला पाऱ्या काढायला किती वेळ लागतो ते वळून बघा म्हणजे आपोआप मोजकेच होतील, हाताने केलेल्या गोडाला हाताचंच माप असतं. (वळायला या वर्षी पोरं पण बसली तर बरं, उकड गरम असताना मळायला ताकद लागते, जिमला जाताच ना.) बाकीचे दिवस खिरापत, नाहीतर लाह्या, केळ्याचं एक चाक, डाळिंबाचे दाणे. लाडू करायचाच तर सुपारीएवढा वळा, लिंबाएवढा नको. आणि जो माणूस हात मागे घेईल त्याला ‘अरे एकाने काय होतंय’ म्हणायचं नाही. ताटात बाजूला फुलं आणि दूर्वा ठेवा, त्याच्या हातावर फूल ठेवा, तो ते डोक्याला लावेल, त्याचा प्रसाद झाला. हे पोरांना सांगायला लागेल कारण वाटताना त्यांना फार जोर येतो. हे वाक्य मी स्वतः अण्णांना कितीतरी वर्षं ऐकवलंय, एकाने काय होतंय, तर माझ्यापासूनच बंद करते.

कार्यकर्त्यांच्या चहाबद्दल मी काही बोलत नाही. रात्रभर जागता, कटिंगवर कटिंग होते, प्रत्येकात दोन चमचे, ते तुमचं तुम्ही बघा. पण सेक्रेटरी, तुझ्या बाबांना पण शुगर होती हे विसरू नकोस.

अण्णांशी माझं बोलणं झालंय. मी म्हटलं फूल देतील हातावर तर याल का खाली? त्यांनी उत्तर नाही दिलं, पण आज सकाळी धोतर इस्त्रीला टाकलंय.

शेवटचं, विसर्जनाच्या दिवसाचं. त्या दिवशी तुमच्या यादीत पण बॉक्सच आहे. घरोघरी त्या दिवशी वाटली डाळ असायची, गोड नाही, आणि बाप्पाबरोबर शिदोरी द्यायची ती दहीपोह्यांची. अकरा दिवस गोड खाऊन देव पण कंटाळत असेल म्हणून असेल. मंडळाची वाटली डाळ मी करते. पाच किलो हरभरा डाळ पुरेल, आदल्या रात्रीच भिजवायला लागेल म्हणून आणून द्यायचं आधी सांगा, मिक्सर दोन लागतील कारण माझा सारखा गरम होऊन बंद पडतो, आणि मोठी कढई मंडळाच्या कपाटात आहे ती आधी घासून द्या. हिंग, मोहरी, मिरच्या, कढीपत्ता माझा, लिंबं आणि कोथिंबीर तुम्ही आणा, आणि परतायला दोन पोरं पाठवा, ती डाळ मोकळी होईपर्यंत हात थांबवता येत नाही. तिच्यात चिमूटभर साखर पडते. ती मी घालणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची काकू